औषधाचा प्रयोग : कर्तरी की कर्मणी?

मराठी व्याकरण शिकवणाऱ्याच्या वाट्याला ‘प्रयोग’ हा शब्द दर वर्षी येतो. क्रियापद कर्त्याच्या तंत्राने चालले तर कर्तरी, कर्माच्या तंत्राने चालले तर कर्मणी, दोघांनाही जुमानले नाही तर भावे, एवढे फळ्यावर लिहून झाले की वर्गातला एखादा चौकस विद्यार्थी हटकून विचारतो, “सर, मग नाटकाच्या खेळाला प्रयोग का म्हणतात?” विज्ञान शाखेच्या मित्रांना तिसराच प्रयोग ठाऊक असतो. आणि आपला जिल्हा तर गांधीजींच्या वास्तव्याचा, तेव्हा ‘सत्याचे प्रयोग’ हा चौथा अर्थ येथे शाळकरी पोरालाही सांगावा लागत नाही. या शब्दाचा पाचवा अर्थ मला २०२३ साली भेटला. गेली काही वर्षे मला मधुमेह आहे, आणि त्या वर्षी नागपूरच्या एका रुग्णालयात मधुमेहावरील नव्या गोळीची जी चाचणी चालू होती तीत मी चोवीस आठवडे सहभागी होतो. रुग्णालयाचे किंवा गोळीचे नाव येथे देत नाही. विषयाला त्याची गरज नाही. अशा चाचणीत माणूस नेमके काय करतो, तो तेथे कर्ता असतो की कर्म, आणि ज्या भाषेत त्याला हे सांगितले जाते ती भाषा हा प्रश्न सोडवते की अधिक बिकट करते, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

रोगाची ओळख थोडक्यात करून देतो. खाल्लेल्या अन्नातून रक्तात जी साखर येते ती पेशींत पोचवण्यासाठी स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन लागते. ते जवळजवळ तयारच होत नाही तो मधुमेहाचा पहिला प्रकार, बहुधा लहान वयात जडणारा. इन्सुलिन असते पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाही आणि पुढेपुढे ते अपुरेही पडू लागते तो दुसरा प्रकार, म्हणजे आपल्या गावात जिला सरसकट ‘शुगर’ म्हणतात ती. रोग जुनाच आहे; आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत प्रमेहाचा एक प्रकार म्हणून त्याचे वर्णन आहे. नवे आहे ते त्याचे मोजमाप. तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि त्यांतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली यावरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. या तपासणीला एचबीए१सी म्हणतात. निरोगी माणसाचा आकडा ५.७ च्या खाली असतो, ६.५ वर गेला की मधुमेह ठरतो. दोन प्रकारच्या गोळ्या घेऊनही माझा ८.४ होता. डोळे, मूत्रपिंड आणि पायांच्या नसा यांना या आकड्याचे व्याज पुढे कित्येक वर्षे भरावे लागते.

आता चाचणीची गरजच काय, असा प्रश्न कोणीही विचारील. औषध चांगले असेल तर डॉक्टरांनी द्यावे, वाईट असेल तर देऊ नये. याचे उत्तर मला दोन गोष्टींची तुलना केल्यावर कळले.

११ जानेवारी १९२२ रोजी कॅनडातील टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला इन्सुलिनचे पहिले इंजेक्शन दिले गेले. पोर हाडांचा सापळा झाले होते. उपासमारीसारखा आहार हाच त्या काळचा उपचार होता, आणि मरण निश्चित होते. पहिला अर्क अशुद्ध निघाला. टोचल्या जागी गळू झाले आणि गुण आला नाही. कॉलिप या रसायनशास्त्रज्ञाने तो अर्क अधिक शुद्ध केला, २३ जानेवारीला पुन्हा इंजेक्शन सुरू झाले आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षे जगला. येथे कोणाशी तुलना करण्याची गरजच पडली नाही. इन्सुलिनावाचून असे मूल वाचत नाही हे सर्वांना माहीत होते. एक वाचले, दुसरे वाचले, म्हणजे औषध खरे.

दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात असे होत नाही. हा रोग वीस-पंचवीस वर्षे माणसाला हळूहळू पोखरतो. गोळी घेतलेल्या एखाद्याचे डोळे शाबूत राहिले तर ते गोळीने राहिले, चालण्याने राहिले की त्याच्या नशिबाने, हे एका माणसाकडे पाहून ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. साखर कसून आटोक्यात ठेवली तर पुढचे विकार खरोखर टळतात का, या वरवर सोप्या प्रश्नाचे उत्तर मिळवायला इंग्लंडात वीस वर्षे लागली. ऑक्सफर्डचे डॉ. रॉबर्ट टर्नर यांच्या पुढाकाराने १९७७ साली ‘युनायटेड किंगडम प्रॉस्पेक्टिव्ह डायबिटीस स्टडी’ सुरू झाली. तीत नव्याने मधुमेह निघालेले ५,१०२ लोक घेतले, आणि १९९८ साली निष्कर्ष आले. कसून उपचार केलेल्या गटाची एचबीए१सीची सरासरी ७.० राहिली, नेहमीच्या उपचाराच्या गटाची ७.९. जेमतेम एका अंकाचा फरक. पण तेवढ्याने डोळे, मूत्रपिंड अशा बारीक रक्तवाहिन्यांच्या विकारांचे प्रमाण २५ टक्क्यांनी कमी झाले. आज प्रत्येक डॉक्टर ‘सात’ हा आकडा तोंडपाठ म्हणतो, त्यामागे या पाच हजार माणसांची वीस वर्षे आहेत.

मग सातापेक्षा सहा अधिक चांगले, असे कोणालाही वाटेल. मलाही वाटले असते. अमेरिका व कॅनडातील ‘अकॉर्ड’ या चाचणीत १०,२५१ मधुमेही घेतले होते. त्यातल्या निम्म्यांची एचबीए१सी सहाच्या खाली आणायचा प्रयत्न केला, उरलेल्यांची सात ते आठच्या दरम्यान ठेवली. फेब्रुवारी २००८ मध्ये साखरेपुरता हा प्रयोग मुदतीपूर्वीच थांबवावा लागला, कारण कसून उपचार केलेल्या गटात २५७ मृत्यू झाले होते आणि दुसऱ्या गटात २०३. हे रुग्ण वयस्क होते, रोग जुना होता, अनेकांना हृदयविकार होता, हे खरे. पण अशा रुग्णाला अधिक कडक उपचार तारक नसून मारक ठरू शकतो हे चाचणीशिवाय कोणत्याही बुद्धिमान डॉक्टरला नुसत्या विचाराने कळले नसते. चाचणीमागचे ‘आम्हाला ठाऊक नाही’ हे वाक्य विनयाने म्हटलेले नसते, ते अक्षरशः खरे असते. आमच्याकडे डॉक्टरने असे म्हटले तर रोगी दुसरा डॉक्टर शोधतो, ही अडचण वेगळी.

तुलना करायची म्हणजे दोन गट करायचे, आणि ते करताना वशिला चालता कामा नये. कोणाला नवी गोळी द्यायची हे डॉक्टरने ठरवले तर तो धडधाकट रोगी एका बाजूला आणि खंगलेले दुसऱ्या बाजूला टाकील, आणि तेही चांगल्या हेतूने. म्हणून हे काम संगणकाच्या चिठ्ठ्यांवर सोपवतात. मद्रासेत, म्हणजे आजच्या चेन्नईत, डॉ. ए. रामचंद्रन यांनी असाच प्रयोग केला. साखर वाढू लागली आहे पण मधुमेह झालेला नाही अशा ५३१ लोकांचे चिठ्ठीने चार गट पाडले. एकाला नेहमीचाच सल्ला, दुसऱ्याला आहार आणि चालणे, तिसऱ्याला मेटफॉर्मिनची गोळी, चौथ्याला दोन्ही. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीन वर्षांत पहिल्या गटातल्या ५५ टक्के लोकांना मधुमेह झाला; आहार-चालण्याच्या गटात ३९.३, गोळीच्या गटात ४०.५, आणि दोन्ही केलेल्यांत ३९.५. म्हणजे चालण्याने जे साधले तेच गोळीने साधले, आणि दोन्ही एकत्र केल्याने वेगळे काही हाती लागले नाही. मला स्वतःला या शेवटच्या आकड्याचे फार नवल वाटले. एकाने इतका गुण तर दोहोंनी दुप्पट, ही आपली किराणा दुकानातली बुद्धी.

आता माझ्या अनुभवाकडे वळतो. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी चाचणीची माहिती दिली. तीन आठवडे विचार करून मी होकार दिला आणि पहिल्या भेटीत बावीस पानांचे माहितीपत्रक हाती आले. ते मराठीत होते. निदान देवनागरीत तरी होतेच. ‘हा एक यादृच्छिकीकृत, दुहेरी-अंध, छद्मऔषध-नियंत्रित, समांतर-गट अभ्यास आहे’ हे त्यातले पहिले वाक्य. मी एम.ए.ला भाषाविज्ञान घेतले होते, तरी ‘समांतर-गट’ येथे थांबलो. माझ्या शेजारी आपल्याच तालुक्यातले एक वयस्क शेतकरी बसले होते. त्यांना वाचता येत होते. चष्मा लावून एकेका शब्दावर बोट ठेवीत ते वाचत होते. थोड्या वेळाने ते हळूच म्हणाले, “सर, हे दुहेरी अंध लिवलं हाये. याच्यानं डोये तं जात नाई ना?”

हसण्यासारखी गोष्ट नाही. मधुमेहाने दृष्टी जाते हे त्यांनी भावकीत पाहिले होते. त्या आजाराच्या दवाखान्यात बसून ‘अंध’ हा शब्द, तोही दुहेरी, वाचणाऱ्या माणसाने दुसरे काय समजावे? मूळ अर्थ एवढाच की कोणाला कोणती गोळी मिळाली हे रोग्यालाही ठाऊक नसते आणि डॉक्टरलाही नसते, म्हणजे दोघांच्या अपेक्षांचा रंग निकालाला लागत नाही. ‘दोघांनाही न कळता’ असे लिहिले असते तर चालले असते. ‘यादृच्छिकीकृत’ या शब्दाला आपल्याकडे उत्तम शब्द आहे, सोडत. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत निघते, तेव्हा ती कोणाच्या हातात नसते हे गावातल्या लहान पोरालाही कळते. आणि मी काकांना तसेच सांगितले: सोडत निघणार, निम्म्यांना औषधाची गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली, कोणाला कोणती ते डॉक्टरांनाही ठाऊक नाही. त्यांनी लगेच विचारले, “मंग ज्याले खोटी गोळी भेटली त्याची शुगर वाढन नं?”

हा प्रश्न बावीस पानांपेक्षा नेमका होता, आणि त्याचे उत्तर त्या पानांत होते, फक्त चौदाव्या पानावर. आमची जुनी मेटफॉर्मिन कोणाचीच बंद होणार नव्हती. नवी गोळी तिच्या जोडीला होती. साखर ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर दुसरे औषध जोडायचे, असा नियमही आधीच लिहून ठेवलेला होता. डॉक्टरांनी नंतर काकांना हेच अर्धा तास समजावून सांगितले आणि बरेच चांगले सांगितले. तोंडी मराठी कागदी मराठीपेक्षा शतपटीने शहाणी असते.

व्याकरणाची खोड असल्यामुळे मी त्या पत्रकातील क्रियापदांवर पेन्सिलीने खुणा करीत गेलो. ‘आपले रक्त घेतले जाईल.’ ‘आपणास औषध दिले जाईल.’ ‘आपली माहिती गोपनीय ठेवली जाईल.’ ‘आपणास अभ्यासातून वगळले जाऊ शकते.’ पानामागून पान नवीन कर्मणी. रक्त घेणारा, औषध देणारा, माहिती ठेवणारा आणि वगळणारा कोण, याचा पत्ताच नाही. इंग्रजी मसुद्याची ही लकब मराठीत जशीच्या तशी उतरली आहे, एवढे म्हणून सोडून देता येईल. पण ज्या वाक्याला कर्ता नाही त्या वाक्याला जबाबदार माणूसही नसतो, असे वाचणाऱ्याच्या मनावर नकळत ठसते. संपूर्ण पत्रकात रोगी कर्ता असलेले ठळक वाक्य अगदी शेवटी येते: ‘मी स्वेच्छेने या अभ्यासात सहभागी होत आहे.’ बावीस पाने कर्म म्हणून वावरलेल्या माणसाने एका ओळीत कर्ता व्हायचे आणि खाली नाव लिहायचे. (‘मी सही केली’ हे वाक्य पुन्हा कर्मणीच, हे विद्यार्थ्यांनी पडताळून पाहावे.)

पुढचे चोवीस आठवडे सांगण्यासारखे फार नाहीत. महिन्यातून एकदा उपाशीपोटी रक्त द्यायचे, म्हणून देवळीहून पहाटेची पहिली गाडी धरून वर्धा आणि तेथून नागपूर. मधुमेह्याने काही न खाता एवढा प्रवास करणे ही स्वतंत्र परीक्षा आहे. खिशात ग्लुकोजची पुडी ठेवायची सूचना मी तंतोतंत पाळली. रक्त दिले की तेथल्या परिचारिका आधी नाश्ता समोर ठेवीत, मग बाकीचे प्रश्न. गोळ्यांच्या डब्यावर नाव नसे, फक्त क्रमांक असे. उरलेल्या गोळ्या परत न्यायच्या आणि त्या तेथे मोजल्या जात. घरी बोट टोचून साखर बघायची आणि वहीत लिहायची. घाम, थरथर, चक्कर काही झाले तर तेही वेळेसह लिहायचे. प्रवासखर्च मिळे, तपासण्यांना पैसे पडत नसत. पहिल्या दोन महिन्यांत माझा आकडा ८.४ वरून ७.७ वर आला. ही नवी गोळीच असणार असे घरच्यांनी ठरवून टाकले. मला मात्र शंका होती, कारण वहीत लिहावे लागते म्हणून मी रात्रीच्या जेवणात भाताऐवजी ज्वारीची भाकरी घेऊ लागलो होतो आणि रोज संध्याकाळी पाऊण तास चालत होतो. नुसत्या लक्ष ठेवण्याने माणूस सुधारतो, आणि म्हणूनच खोट्या गोळीचा गट लागतो, हे पुस्तकातले वाक्य मला माझ्याच रक्तात सापडले.

प्रतीक्षागृहातल्या गप्पांतून एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. आम्ही तेथे ज्या कारणांनी आलो होतो ती चाचणीची कारणे नव्हती. कोणी मोफत तपासणीसाठी, कोणी औषधाचा महिन्याचा खर्च वाचेल म्हणून, कोणी डॉक्टरांना नाही कसे म्हणायचे म्हणून, आणि बहुतेक सर्व जण ‘नवं औषध, म्हणजे जुन्यापेक्षा चांगलं’ या समजुतीने. सोयाबीन आणि कापसाच्या भावाने खचलेल्या घरात महिन्याला हजार रुपये वाचणे ही लहान गोष्ट नाही, म्हणून या कारणांना मी हसणार नाही. पण चाचणीचा उद्देश माझी साखर उतरवणे हा नसतो. ती उतरते का हे पाहणे, आणि त्यातून माझ्यानंतरच्या रोग्यांना उत्तर देणे, हा असतो. उपचार आणि प्रयोग यांत हा फरक आहे, आणि खाट, सुई, पांढरा कोट सर्व तेच असल्याने तो डोळ्यांना दिसत नाही.

‘नवे म्हणजे चांगले’ या समजुतीला मधुमेहाच्या क्षेत्रातच एक सणसणीत उत्तर आहे. हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने शोधलेले रागाग्लिटाझार हे मधुमेहावरील औषध डेन्मार्कच्या नोव्हो नॉर्डिस्क कंपनीने घेतले होते. माणसांवरील चाचण्या पुष्कळ पुढे गेल्या असताना २००२ साली त्या थांबवाव्या लागल्या, कारण उंदरांच्या मूत्राशयात गाठी आढळल्या. प्राण्यांवरचे दीर्घकाळाचे प्रयोग पुरे होण्याआधी माणसांना ते औषध का दिले, यावर तेव्हा बराच वाद झाला.

असे वाद आणि २०१२ साली इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेली जनहित याचिका यांमुळे आपल्याकडचे नियम हळूहळू कडक झाले. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ साली सुरू झाली, २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तीत नोंद सक्तीची झाली, आणि ती कोणालाही विनामूल्य पाहता येते. चाचणीमुळे इजा झाल्यास नुकसानभरपाईचा नियम २०१३ साली आला. आज लागू असलेले ‘नवीन औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम’ २०१९ चे आहेत. त्यांत एक तरतूद आम्हा कला शाखेच्या मंडळींच्या लक्षात यावी अशी आहे. प्रत्येक चाचणीला नीती समितीची मान्यता लागते. या समितीत किमान सात सदस्य हवेत, अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा हवा, आणि डॉक्टरांखेरीज एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक, एक स्त्री, शिवाय समाजशास्त्रज्ञ, तत्त्वज्ञ किंवा तत्सम कोणी हवे. संमतीपत्राची भाषा तपासणे हे या समितीचेच काम आहे. म्हणजे ‘दुहेरी अंध’ हे शब्द काकांच्या हातात पडण्यापूर्वी अडवायला तेथे बिगरडॉक्टरांसाठी खुर्च्या राखून ठेवल्या आहेत. आपल्या प्राध्यापकांपैकी किती जणांना हे माहीत आहे?

सहभागी माणूस कर्मणीतून बाहेर येऊ शकतो का, याचे उत्तर शोधताना मला पुण्याचे काम सापडले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांना तरुणपणीच प्रश्न पडला होता की, आपल्याकडचे मधुमेही पाश्चात्त्य पुस्तकांप्रमाणे लठ्ठ आणि म्हातारे का नसतात? १९९३ साली त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत स्त्रियांच्या गरोदरपणाच्या आधीपासून नोंदी ठेवायला आरंभ केला. तेथल्या बाळांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधील बाळांचे ३.५. बाळे किरकोळ दिसत, पण कमी होते ते मांस. चरबी त्या मानाने टिकून होती. अशा बाळाला ‘सडपातळ-लठ्ठ’ म्हणावे लागेल, आणि मराठीत हा शब्द इंग्रजीइतकाच विचित्र वाटतो. याज्ञिकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचे छायाचित्र शेजारीशेजारी छापले. दोघांचा उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. संशोधकाने स्वतःच प्रयोगाचे कर्म व्हावे, हे मला फार आवडले.

पण खरी गोष्ट पुढे आहे. त्या खेड्यांतल्या कित्येक मातांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी निघाले. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती अधिक दिसली. (मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांचेही बी-१२ कमी होऊ शकते, वाचकांपैकी कोणी घेत असल्यास डॉक्टरांना विचारावे.) मग २०१२ साली त्याच मुलामुलींना, जी आता तरुण झाली होती, सोडतीने गट पाडून काहींना बी-१२ देण्यात आले आणि काहींना ते नसलेली गोळी, अशासाठी की ती आईबाप होतील तेव्हा त्यांच्या बाळांवर काय परिणाम होतो ते कळावे. आईच्या पोटात असताना ज्यांची मोजमापे सुरू झाली ती माणसे स्वतःच्या मुलांसाठी पुन्हा प्रयोगात उभी राहिली. तीन पिढ्या एकाच वहीत. रक्त देणाऱ्या बाईला ते कशासाठी हे ठाऊक असल्याखेरीज, आणि विचारणारा पुढच्या वर्षीही येणार असा भरवसा असल्याखेरीज, हे घडत नाही. चोवीस आठवड्यांत नागपूरला येऊन-जाऊन असे नाते होत नाही, आणि मी तशी अपेक्षाही केली नव्हती.

शेवटच्या भेटीत काकांची गाठ पडली. त्यांचा आकडा ९ वरून ७.२ वर आला होता आणि स्वारी खुशीत होती. “आता याच गोया चालू ठेवाच्या,” ते म्हणाले. तसे होणार नव्हते. ती गोळी बाजारात नव्हती. चाचणीनंतर औषध मोफत पुरवण्याचे बंधन २०१९ च्या नियमांत आहे, पण ज्या रोगाला दुसरा उपचारच नाही तेथे, आणि तेही डॉक्टरांची शिफारस व नीती समितीची मान्यता असल्यास. मधुमेहाला दुसरी औषधे आहेत. कोणाला कोणती गोळी होती हे सर्व केंद्रांचे काम संपेपर्यंत उघड होणार नव्हते, म्हणून काकांना गुण कशाने आला हेही त्या दिवशी सांगता येत नव्हते. डॉक्टरांनी त्यांना बाजारात मिळणारे दुसरे औषध लिहून दिले. त्याची किंमत त्यांनी मला तिथेच विचारली. मी औषधांच्या दुकानात जाऊन विचारून आलो आणि सांगितली. ते काही बोलले नाहीत, चिठ्ठी घडी करून टोपीत ठेवली.

या वर्षी बी.ए. तृतीय वर्षाच्या वर्गाला मी त्या पत्रकातली दहा वाक्ये दिली आणि ती कर्तरीत आणून, देवळीच्या बाजारात बोलता येतील अशी लिहायला सांगितली. ‘आपले रक्त घेतले जाईल’ याचे ‘आमच्या सिस्टर दर महिन्याला तुमचे दोन चमचे रक्त घेतील’ असे झाले. ‘आपण केव्हाही अभ्यासातून माघार घेऊ शकता’ याचे एका विद्यार्थिनीने ‘तुम्ही कधीही सोडून जा, कारण सांगू नका, आमचे डॉक्टर तुम्हाला पूर्वीसारखेच तपासतील’ असे केले, आणि हे मूळ वाक्यापेक्षा कायद्याच्या अधिक जवळ आहे. नऊ वाक्ये तासाभरात झाली. दहावे होते, ‘अभ्यास समाप्तीनंतर अभ्यास-औषध उपलब्ध करून दिले जाईलच असे नाही.’ याला कर्ता कोण लावायचा यावर वर्गात फूट पडली. काहींनी ‘डॉक्टर’ लिहिले, दोघांनी ‘कंपनी’, एकाने ‘सरकार’. मागच्या बाकावरच्या मुलाने कर्ता लावलाच नाही. त्याने लिहिले, ‘चोवीस आठवडे झाल्यावर ही गोळी तुम्हाला मिळणार नाही, नवी विकत घ्यावी लागेल, तिची किंमत आत्ताच विचारून घ्या.’ मी त्याला पूर्ण गुण दिले.